तलावाचे आरोग्य आणि औषधाची शुद्धी

चरकसंहितेच्या विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्यायात संपूर्ण प्रदेशाला एकाच वेळी ग्रासणाऱ्या व्याधींची चार कारणे सांगितली आहेत : वायू, उदक, देश आणि काल यांची विकृती. विकृत उदकाच्या लक्षणांत गंध, वर्ण, रस व स्पर्श बिघडण्याबरोबरच जलचर पक्ष्यांनी ते पाणी सोडून जाणे हेही लक्षण आहे. महाराष्ट्रातील सारस पक्षी आज मुख्यत्वे गोंदिया जिल्ह्यातील तलाव व धानाच्या बांध्यांच्या आश्रयाने उरला आहे आणि त्याची संख्या घटत आहे. कारणे अनेक असली, तरी वैद्याने हा संकेत दुर्लक्षू नये.

कोहळी समाजाच्या जलकौशल्यातून उभे राहिलेले मालगुजारी तलाव व बोड्या हे या जिल्ह्याचे वैभव होय. 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली; पुढे पाळ, गाळ व सांडवा यांची गावाकडून होणारी निगा ढिली पडली. पूर्वी खरकटे, राख व शेण उकिरड्यावर कुजून शेतात जात असे. प्लास्टिकची पाकिटे कुजत नाहीत. पावसाच्या पहिल्या लोंढ्याबरोबर ती तलावात उतरतात. सांडपाण्यातील नत्र व स्फुरदामुळे पाणवनस्पती बेसुमार वाढतात आणि त्या कुजताना पाण्यातील प्राणवायू क्षीण होतो. याची झळ मासेमारीवर जगणाऱ्या ढिवर कुटुंबांना प्रथम बसते.

सुश्रुताने पाणी निवळण्यासाठी सांगितलेल्या द्रव्यांत निवळीचे बी, कमळाच्या कंदाची गाठ आणि शेवाळाचे मूळ यांचा समावेश आहे. परंतु ही द्रव्ये तरंगता गढूळपणा तळाशी बसवितात. विरघळलेली रसायने त्यांनी जात नाहीत. उकळल्याने जंतू मरतात, शिसे उडून जात नाही. म्हणून येथे प्रतिबंध हीच चिकित्सा होय.

हा प्रश्न आपल्या औषधालयापर्यंतही पोहोचतो. कमळ, शिंगाडा, ब्राह्मी, माका व नागरमोथा ही पाणथळ जागेची द्रव्ये. ज्या पाण्यात वाढतात, त्यातील दोष ती शोषून घेतात. वनस्पतिज औषधांसाठी दशलक्ष भागांत शिसे 10, आर्सेनिक 3, पारा 1 आणि कॅडमियम 0.3 अशी कमाल मर्यादा मानली जाते. ती ओलांडलेले द्रव्य शास्त्रोक्त कृतीने सिद्ध केले, तरी ते औषध म्हणून देता येणार नाही.

यास्तव आम्ही सभासदांना काही गोष्टी सुचवू इच्छितो. अतिसार, कामला व त्वग्रोगाच्या रुग्णास पिण्याच्या पाण्याचा स्रोत विचारून तो नोंदवावा. एकाच विहिरीचे नाव वारंवार आल्यास आरोग्य केंद्रास कळवावे. पाणथळ वनस्पती खरेदी करताना तलावाचे नाव विचारावे व शंका असल्यास धातुपरीक्षण करून घ्यावे. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी मुदत संपलेली औषधे घरगुती घातक कचऱ्यात गणली होती. औषधविक्रेत्यांनी ती परत घेण्यासाठी दुकानात स्वतंत्र पेटी ठेवावी. रसौषधी निर्माण करणाऱ्यांनी भांडी धुतलेले पाणी नालीत सोडू नये.

रुग्णास पथ्य सांगण्याचा आपला अधिकार आहे. तलावाचे पथ्य प्रथम आपण पाळले, तरच गाव ते ऐकेल.