एल हेरीची लढाई

इ. स. १९१४ च्या नोव्हेंबर महिन्यांत सर्व जगाचें लक्ष फ्रान्स व बेल्जम येथील रणांगणांकडे लागलेलें होतें. त्याच महिन्याच्या १३ तारखेस उत्तर आफ्रिकेंतील मोरोक्को देशाच्या डोंगराळ मुलखांत एक लढाई झाली. रात्रीं अडीच वाजतां छावणींतून निघालेल्या १,२३० माणसांपैकीं दुपारपर्यंत ६२३ माणसें मरून पडलीं आणि १७६ जखमी झालीं. ४३ अंमलदार निघाले होते, त्यांतील ३३ परत आले नाहींत. तोफा, मशीनगन व शिस्तबद्ध पलटणी जवळ असलेल्या सैन्याची अशी दशा ज्यांनीं केली ते कोणत्याहि राजाचे पगारी शिपाई नव्हते. मेंढरें राखणारे व राहुट्यांत राहणारे डोंगरी लोक होते. हें कसें घडलें व त्याचा परिणाम काय झाला, हें समजून घेण्यासारखें आहे.

मोरोक्कोच्या मध्यभागीं अ‍ॅटलास पर्वताच्या रांगा पसरलेल्या आहेत. त्यांतील मध्य अ‍ॅटलास या भागांत बर्बर लोकांच्या अनेक टोळ्या पिढ्यान् पिढ्या राहत आल्या आहेत. 'बर्बर' हें नांव परक्यांनीं दिलेलें. ते स्वतःला 'इमाझिघेन' म्हणवितात आणि त्या शब्दाचा अर्थ 'स्वतंत्र माणसें' असा सांगितला जातो. त्यांची भाषा अरबी नव्हे, धर्म मात्र इस्लाम. उन्हाळ्यांत उंच पठारांवरील कुरणांत कळप न्यावयाचे आणि हिंवाळ्यांत बर्फ पडूं लागलें कीं खालच्या खोऱ्यांत उतरावयाचें, असा त्यांचा वार्षिक क्रम असे. सुलतानाला ते धर्माचा प्रमुख म्हणून मान देत. परंतु त्याला कर देणें न देणें हें पुष्कळदां आपल्या मनगटाच्या बळावर ठरवीत.

या टोळ्यांपैकीं झायान नांवाचा संघ विशेष बलिष्ठ होता. त्याचा नायक मोहा ऊ हम्मू हा मोठा कर्तबगार पुरुष. सुलतान पहिला हसन यानें त्याला काइद, म्हणजे त्या टोळ्यांवरील अधिकारी, नेमलें होतें. उम्म अर-रबिआ नदीच्या कांठचें खेनिफ्रा हें गांव त्याच्या अमलाखालीं बाजारपेठेचें व सत्तेचें ठिकाण बनलें. पुढें सुलतान झालेला अब्द अल-हफीज हा त्याचा जांवई. याच जांवयानें ३० मार्च १९१२ रोजीं फेझ येथें तह करून आपला देश फ्रान्सच्या संरक्षणाखालीं दिला. जांवयानें सही केली, सासऱ्यानें ती मानली नाहीं. सुलतानानें देश दिला असेल, पण डोंगर त्याचे नव्हतेच, असा झायानांचा एकंदर पवित्रा होता.

फ्रान्सतर्फे मोरोक्कोचा कारभार जनरल ल्योते यांच्याकडे होता. तेलाचा डाग कापडावर जसा हळूहळू पसरतो तशी सत्ता पसरवावी, ही त्यांची प्रसिद्ध पद्धत. आधीं एक ठाणें बसवावयाचें, तेथें बाजार व दवाखाना उघडावयाचा, आसपासचे लोक वळवून घ्यावयाचे आणि मगच पुढचें ठाणें. परंतु या गोडव्याच्या मागें नेहमीं बंदूक असे. जून १९१४ मध्यें जनरल आंरीस यांच्या हाताखालीं सुमारें १४,००० सैन्य तीन बाजूंनीं खेनिफ्र्यावर चालून गेलें आणि १२ जून रोजीं गांव फ्रेंचांच्या हातीं आला. गांव मिळाला, लोक मात्र मिळाले नाहींत. मोहा ऊ हम्मू आपल्या टोळ्यांसह डोंगरांत निघून गेला आणि खेनिफ्र्याची शिबंदी चहूंकडून वेढल्यासारखी झाली.

इतक्यांत युरोपांत महायुद्ध पेटलें. मोरोक्कोचा अंतर्भाग सोडून किनाऱ्यावर माघार घ्यावी व सैन्य फ्रान्सला धाडावें, असा पॅरिसचा हुकूम आला. ल्योते यांनीं सैन्य धाडलें, पण अंतर्भाग सोडला नाहीं. शेवंडाचा गर काढून घ्यावा व कवच जागच्या जागीं ठेवावें, अशी उपमा या धोरणास दिली जाते. किनाऱ्याजवळच्या पलटणी गेल्या. पुढचीं ठाणीं होतीं तशींच राहिलीं. माघार घेतलेली दिसली तर सारा देश उठेल, ही त्यांची भीति होती. म्हणून ठाण्यांतील अंमलदारांना सक्त ताकीद होती कीं, आहे तें राखा, नवें साहस करूं नका. थंडी आणि कुरणांची टंचाई हींच टोळ्यांना शरण आणतील, असा आंरीस यांचा हिशेब होता.

खेनिफ्र्याचे सेनापति लेफ्टनंट कर्नल लाव्हर्द्यूर यांना हें स्वस्थ बसणें मानवलें नाहीं. थंडी पडतांच मोहा ऊ हम्मू खालीं उतरला आणि खेनिफ्र्यापासून सुमारें १५ किलोमीटरवर एल हेरी येथें त्यानें आपल्या राहुट्या ठोकल्या. शत्रूचा नायक एका रात्रीच्या चालीवर! त्याला उचलून आणलें तर युद्धच संपेल, हा विचार लाव्हर्द्यूर यांच्या मनांतून जाईना. वरिष्ठांनीं हल्ल्याला पूर्वींच मनाई केलेली होती. शेवटीं १३ नोव्हेंबरच्या रात्रीं, आपण जात आहों एवढी चिठ्ठी मागें ठेवून, परवानगीवांचून ते निघाले. ठाण्यांतील बहुतेक सर्व लढाऊ बळ त्यांनीं बरोबर घेतलें: अल्जीरियन व सेनेगाली पायदळाच्या सहा कंपन्या, स्वार, स्थानिक अनियमित शिपाई आणि तोफखान्याच्या दोन बॅटऱ्या.

पहांटे हल्ला झाला तेव्हां सुमारें शंभर राहुट्यांची ती वस्ती झोपेंत होती. तोफांचा मारा झाला, स्वार घुसले, राहुट्या लुटल्या गेल्या. स्त्रिया व मुलें यांचीहि त्या धुमाळींत गय झाली नाहीं. मोहा ऊ हम्मू मात्र निसटला. त्याच्या दोन बायका पकडल्या गेल्या. ज्याच्यासाठीं हा खटाटोप तोच हातीं लागला नाहीं. साडेआठच्या सुमारास सैन्य लूट घेऊन परत फिरलें आणि तेथूनच खरी लढाई सुरू झाली.

डोंगरी युद्धांत शत्रूवर चालून जाणें सोपें. त्याच्या देखत परत येणें अवघड. गोळीबाराचा आवाज खोऱ्याखोऱ्यांतून घुमला आणि आसपासच्या टोळ्या धांवून आल्या. पुढें हा जमाव पांच हजारांच्या घरांत गेला असें फ्रेंच वृत्तांतांत आहे. प्रथम पिछाडीवर तुरळक गोळ्या येऊं लागल्या. मग दोन्ही बगलांच्या टेकड्या भरल्या. मोहा ऊ हम्मूचा पुतण्या मोहा ऊ अक्का यानें हजारों माणसें वळसा घालून पुढें नेलीं व परतीची वाट धरली. पिछाडीनें थांबून तोंड द्यावें तर मुख्य दळ दूर जाई. मुख्य दळानें थांबावें तर वेढा आवळे. जखमींची संख्या वाढली आणि त्यांना वाहून नेण्यांत धडधाकट माणसें गुंतलीं. तेव्हां लाव्हर्द्यूर यांनीं एका सेनेगाली कंपनीच्या पहाऱ्यांत जखमींचा तांडा पुढें काढला. हा निर्णय दयेचा होता. पण त्यामुळें लढणारे आणखी कमी झाले. लौकरच पिछाडी बुडाली, तोफा वेढल्या गेल्या, आणि उरलेले लोक दारूगोळा संपेपर्यंत लढून जागच्या जागीं पडले. लाव्हर्द्यूरहि त्यांतच मारले गेले.

जखमींचा तांडा दुपारच्या सुमारास खेनिफ्र्यास पोंचला. पाठलाग करणारे मृतांचीं शस्त्रें गोळा करण्यांत गुंतले नसते तर तोहि वांचता ना. ठाण्यांत उरलेल्या अंमलदारांत वडील असे कॅप्टन क्रोल यांनीं दरवाजे बंद केले व तारेनें मदत मागितली. थोड्याच दिवसांत दोन बाजूंनीं कुमक आली. १९ नोव्हेंबर रोजीं जनरल आंरीस एल हेरीच्या मैदानावर गेले व तेथें पडलेल्या प्रेतांना त्यांनीं मूठमाती दिली. लाव्हर्द्यूर यांचें शव झायानांनीं नेलें होतें. तें पुढें पकडलेल्या बायकांच्या मोबदल्यांत परत मिळालें. झायानांचेहि किमान १८२ लोक या लढाईंत पडले. लाव्हर्द्यूर रणांत पडले नसते तर त्यांना लष्करी न्यायालयापुढें उभें करावें लागलें असतें, असें ल्योते यांचें मत होतें.

या पराभवाचें सारें खापर एका अंमलदाराच्या माथीं फोडणें सोयीचें आहे, आणि कांहीं अंशीं तें खरेंहि आहे. परंतु कारणें त्याहून खोल आहेत. पहिलें कारण असें कीं, तोफेची शक्ति सपाट मैदानावर जितकी चालते तितकी खडकाळ खोऱ्यांत चालत नाहीं. खेचरांवरून व गाड्यांवरून तोफा नेणारें सैन्य वाटेला बांधलेलें असतें. हलका घोडेस्वार मात्र कोणत्याहि उतारावरून येऊं शकतो. दुसरें, टोळ्यांचें आपसांतील वैर पाहून त्या कधीं एकत्र येणार नाहींत असें फ्रेंच धरून चालले. पण एका वस्तीवर झोपेंत पडलेला छापा, आणि त्यांत स्त्रियांची झालेली धरपकड, यांनीं एका सकाळींत तीं भांडणें विसरावयास लावलीं. तिसरें आणि सर्वांत मोठें कारण म्हणजे, नायक पकडला कीं लोक शरण येतील ही समजूत. ज्या समाजांत प्रत्येक राहुटी आपली बंदूक स्वतः बाळगते, तेथें एक माणूस म्हणजे संबंध युद्ध नव्हे.

या मैदानावर पडलेले लोक कोण होते, हेंहि पाहिलें पाहिजे. फ्रान्सच्या बाजूचे बहुतेक शिपाई फ्रेंच नव्हतेच. अल्जीरिया, सेनेगाल व खुद्द मोरोक्को येथील माणसें दुसऱ्याच्या साम्राज्यासाठीं तिसऱ्याच्या डोंगरांत मेलीं. फ्रेंच सैन्यांतील आफ्रिकन स्वारांना 'स्पाही' म्हणत. हा शब्द आणि मराठींतील 'शिपाई' हे दोन्ही एकाच फारसी शब्दापासून निघालेले आहेत. शब्दाप्रमाणें नशीबहि सारखेंच होतें. एल हेरीच्या एकच आठवडा आधीं, ६ नोव्हेंबर १९१४ रोजीं, पुण्याच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या सहाव्या डिव्हिजनचे हिंदी शिपाई मेसोपोटेमियाच्या किनाऱ्यावर फाव येथें उतरले होते. त्यांनाहि ज्यांच्याशीं लढावयाचें त्यांच्याशीं कसलें वैर नव्हतें.

एल हेरीच्या विजयानें झायानांना स्वातंत्र्य मिळालें नाहीं. त्यांना काळ मिळाला. खेनिफ्रा फ्रेंचांच्या हातीं राहिलें, पण महायुद्धाच्या सर्व काळांत त्या ठाण्याला रसद पोंचविण्यासाठीं लढत जावें लागलें. शेवटीं तोफेपेक्षां उपासमार, कुरणांची नाकेबंदी आणि फितुरी यांनीं काम केलें. १९२० मध्यें मोहा ऊ हम्मूच्या मुलांनीं फ्रेंचांची ताबेदारी पत्करली. म्हातारा बाप नमला नाहीं. २७ मार्च १९२१ रोजीं डोंगरांतील एका चकमकींत तो मारला गेला, आणि त्या वेळीं त्याच्यासमोर फ्रेंचांना मिळालेले त्याच्याच रक्ताचे लोक होते. अ‍ॅटलासमधील शेवटच्या टोळ्यांनीं शस्त्रें खालीं ठेवण्यास १९३४ साल उजाडलें; म्हणजे फेझच्या तहावर सही झाल्यानंतर बावीस वर्षें लागलीं.

त्यानंतर आणखी बावीस वर्षांनीं, १९५६ सालीं, मोरोक्को स्वतंत्र झाला. बर्बर भाषेला २०११ च्या राज्यघटनेनें अरबीच्या जोडीला राजभाषेचा मान दिला. एल हेरीच्या लढाईचें स्मरण मोरोक्कोंत दर वर्षीं नोव्हेंबरांत केलें जातें. त्या स्मरणांत विजयाचा अभिमान असणें साहजिक आहे. परंतु त्या सकाळचा हिशेब पुरा मांडावयाचा तर जाळलेल्या राहुट्या, धरून नेलेल्या स्त्रिया आणि घरापासून शेंकडों कोस दूर पुरलेले सेनेगाली व अल्जीरियन शिपाई हेहि त्यांत धरावे लागतात.