पट्टी काढणारे हात

माणसाच्या हृदयाचा पहिला विद्युत-आलेख, म्हणजेच ईसीजी, निघाला तो एका तंत्रज्ञाच्या छातीवरून. १८८७ साली लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात ऑगस्टस वॉलर यांनी आपल्या प्रयोगशाळेतल्या थॉमस गॉसवेल नावाच्या मदतनिसाला तारा जोडल्या आणि पाऱ्याच्या बारीक नळीतली थरथर फोटोच्या काचेवर टिपली. वॉलर वैद्यकाच्या इतिहासात गेले, गॉसवेल तळटिपेत राहिले. पुढे या तपासणीचा जगभर जो विस्तार झाला, त्यात नावाची वाटणी साधारण अशीच होत आली आहे. अहवाल डॉक्टरांचा, यंत्र कंपनीचं, हृदय रुग्णाचं. यंत्र आणि खाट यांच्यामध्ये उभा असलेला माणूस कुणाच्या लक्षात राहत नाही. या लेखात त्याच्या कामाचा आढावा घ्यायचा आहे, कारण कागदावर उमटणारी रेषा हृदयाइतकीच त्याच्या हातावरही अवलंबून असते.

लायडनची तार

वॉलर यांचं यंत्र सुस्त होतं. हृदयाच्या वेगाला पुरं पडत नव्हतं. ते काम हॉलंडमधल्या लायडनच्या विलेम आइंटहोवेन यांनी पुरं केलं. चांदीचा मुलामा दिलेला क्वार्ट्‌झचा अतिसूक्ष्म तंतू चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये ताणायचा आणि हृदयाच्या क्षीण विजेने तो हलला की त्याची सावली टिपायची, अशी ही योजना होती. हे यंत्र सुमारे २७० किलो वजनाचं होतं आणि ते चालवायला पाच माणसं लागत. रुग्ण हात आणि पाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसे. आज प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थी जी पी, क्यू, आर, एस, टी ही अक्षरं घोकतो, ती आइंटहोवेन यांनीच रूढ केली. १९०५ मध्ये त्यांनी दीड किलोमीटरवरच्या रुग्णालयातल्या रुग्णाचा आलेख टेलिफोनच्या तारेवरून आपल्या प्रयोगशाळेत घेतला. म्हणजे आज गावोगावी बोलबाला असलेली ‘टेलि-ईसीजी’ची कल्पना जवळजवळ ईसीजीइतकीच जुनी आहे.

१९२४ चं नोबेल पारितोषिक आइंटहोवेन यांना मिळालं. त्याबाबत एक हकीकत सांगितली जाते. यंत्र घडवताना राबलेला त्यांचा जुना मदतनीस तोवर वारला होता. त्याच्या दोन बहिणी गरिबीत दिवस काढत असल्याचं कळल्यावर आइंटहोवेन यांनी पारितोषिकाची निम्मी रक्कम त्यांना दिली. तंत्रज्ञाचा वाटा इतक्या रोखठोकपणे मोजल्याचं दुसरं उदाहरण या क्षेत्रात सहसा ऐकायला मिळत नाही.

सहा जागा, चार रंग

पुढच्या काळात यंत्र लहान होत गेलं आणि अंगावरच्या जागा वाढत गेल्या. छातीवरच्या सहा जागा १९३८ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनमधल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून निश्चित केल्या. १९४२ मध्ये इमॅन्युएल गोल्डबर्गर यांनी हातापायांच्या आणखी तीन लीडची, म्हणजे हृदयाकडे विजेच्या नजरेने पाहण्याच्या कोनांची, भर घातली. आज दहा तारांमधून बारा लीड मिळतात. आपल्याकडच्या यंत्रांत उजव्या हाताला लाल, डाव्या हाताला पिवळी, डाव्या पायाला हिरवी आणि उजव्या पायाला काळी क्लिप लागते. पहिल्या आठवड्यात शिकणारा मुलगाही हे रंग पाठ करतो. खरी कसोटी छातीवर लागते.

छातीच्या मधल्या हाडावर वरून बोट फिरवत आलं की एक उंचवटा लागतो. त्याच्या बाजूला दुसरी फासळी. तिथून खाली मोजत चौथ्या फटीत यायचं; हाडाच्या उजवीकडे व्ही-१, डावीकडे व्ही-२. मग एक फट खाली, गळ्याच्या हाडाच्या मध्यातून सरळ उतरणाऱ्या रेषेवर व्ही-४. व्ही-२ आणि व्ही-४ यांच्या मध्ये व्ही-३, आणि व्ही-४ च्याच पातळीवर काखेकडे सरकत व्ही-५ व व्ही-६. वाचायला सोपं आहे. पण बाहेर तीस माणसं रांगेत बसलेली असताना बोटाने फासळ्या मोजणारा तंत्रज्ञ आणि नजरेच्या अंदाजाने रबरी फुगे चिकटवणारा तंत्रज्ञ, यांच्या पट्ट्यांमध्ये, म्हणजे ईसीजीच्या कागदांमध्ये, फरक पडतोच. व्ही-१ आणि व्ही-२ एक-दोन फटी वर लागले, तर कधीच न आलेल्या हृदयविकाराच्या झटक्याची जुनी खूण असल्यासारखं दिसू शकतं. लाल आणि पिवळी क्लिप अदलाबदल झाली तर पहिली लीड उलटी होते आणि हृदय उजवीकडे असल्याचा भास होतो. जाणता तंत्रज्ञ अशा वेळी आधी क्लिपा बघतो; त्या बरोबर असतील आणि छातीच्या लीडमध्येही रेषा पुढे पुढे वाढण्याऐवजी खुरटत जात असेल, तर हृदय खरोखरच उजवीकडे असण्याची शक्यता तो डॉक्टरांच्या कानावर घालतो.

कागद सेकंदाला २५ मिलिमीटर वेगाने सरकतो. लहान चौकोन ०.०४ सेकंदाचा, मोठा ०.२ सेकंदाचा. ठोके नियमित असतील तर दोन ठोक्यांमधले मोठे चौकोन मोजून ३०० ला भागलं की मिनिटाचे ठोके मिळतात. या काटेकोर कागदावर सगळ्या जगाची लुडबुड चालते. थंड खोलीत कुडकुडणाऱ्या म्हाताऱ्याचे स्नायू, घामाने सुटलेला फुगा, तेल लावून आलेली छाती, भिंतीतली विजेची तार हे सगळं रेषेत उमटतं. पार्किन्सनचा कंप तर हृदयाच्या बिघडलेल्या लयीचं हुबेहूब सोंग आणतो. यंत्रावर फिल्टरचं बटण असतं. ते दाबलं की रेषा देखणी होते. पण एखादा फिल्टर कधी कधी एस आणि टी यांच्यामधल्या ‘एसटी’ भागातला बदलही पुसट करतो, आणि झटक्याचं निदान नेमकं त्यावरच बेतलेलं असतं. म्हणून चांगला तंत्रज्ञ बटणाकडे जाण्याआधी पंखा बंद करतो, अंगावर चादर टाकतो, “काका, हात सैल सोडा, मूठ उघडा” म्हणतो, आणि थांबतो.

पडद्याआड

रुग्णाचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: “शॉक बसेल का हो?” हे यंत्र अंगात वीज सोडत नाही, फक्त अंगातली वीज मोजतं, हे दिवसातून कितीतरी वेळा सांगावं लागतं. दुसरा प्रश्न पट्टी निघताच येतो: “नॉर्मल आहे ना?” याचं उत्तर द्यायचा अधिकार तंत्रज्ञाला नसतो. वर्षानुवर्षं पट्ट्या पाहून त्याला पुष्कळ कळतं, पण चेहऱ्यावर काही दिसू न देता “डॉक्टर सांगतील, तुम्ही जरा पडून राहा” एवढंच म्हणायचं आणि पुढच्या क्षणी पट्टी घेऊन धावायचं, हेही त्याच्या कौशल्यात येतं.

सगळ्यांत नाजूक भाग स्त्री-रुग्णांचा. ब्लाउजचे हुक काढायचे, पदर बाजूला करायचा, आणि समोर पुरुष तंत्रज्ञ. बाई संकोचते, तोही संकोचतो, आणि दोघांच्या संकोचापायी तारा भलत्याच जागी लागतात. व्ही-४ ची जागा बहुतेक वेळा स्तनाच्या खाली येते. ती टाळून वरच लावून मोकळं होण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. बायकांच्या झटक्याची लक्षणं आधीच ‘पित्त’ आणि ‘दमणूक’ म्हणून मागे टाकली जातात. तशात पट्टीही अर्धवट निघाली, तर निदानाची उरलीसुरली संधीही हातची जाते. उपाय महाग नाहीत. खोलीला दार, खाटेला पडदा, अंगावर टाकायला स्वच्छ चादर, शक्य तिथे स्त्री तंत्रज्ञ, नाही तर सोबत एखादी सिस्टर किंवा मावशी, आणि काय करणार आहोत हे आधी सांगणारं एक वाक्य. एवढं असलं की “ताई, एक मिनिटाचं काम आहे” या म्हणण्यावर विश्वास बसतो.

दिवसाचे लाख ठोके

ईसीजी दहाएक सेकंदांचं हृदय दाखवतो. चक्कर मात्र पहाटे चार वाजता येते आणि दवाखाना गाठेपर्यंत सगळं सुरळीत झालेलं असतं. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातले नॉर्मन ‘जेफ’ हॉल्टर यांनी यावर मार्ग काढला. १९४० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी पाठीवर बांधलेल्या सुमारे ३८ किलोंच्या यंत्रातून चालत्या माणसाचा ईसीजी रेडिओवरून पाठवला. १९६१ मध्ये त्यांचा लेख ‘सायन्स’ नियतकालिकात आला, तोवर यंत्र बरंच आटोपशीर झालं होतं. आज ते काड्यापेटीएवढं मिळतं.

मिनिटाला सत्तर ठोके धरले तर चोवीस तासांत लाखभर ठोके होतात. संगणक त्यांची वर्गवारी करतो, पण त्या वर्गवारीवर विश्वास ठेवायचा की नाही हे तंत्रज्ञ ठरवतो. दात घासताना हात हलतो तेव्हा पडद्यावर प्राणघातक लय धावताना दिसते. ती खरी की ब्रशची, हे शेजारच्या चॅनेलमधून आणि रुग्णाच्या नोंदवहीवरून उकलावं लागतं. म्हणूनच हे हॉल्टर यंत्र बांधताना रुग्णाला वही देऊन समजावण्यात घालवलेला वेळ वाया जात नाही. ‘सकाळी साडेसहा, जिना चढलो, धडधडलं’ अशी एक ओळ कधी कधी शेकडो पानांच्या अहवालाला अर्थ देते. त्या दिवशी आंघोळ नाही, हे ऐकून एकादशीच्या तोंडावर आलेल्या आजी नाराज होतात. मग तारीख बदलायची समजही लागते.

सरकता पट्टा

ट्रेडमिल चाचणीचं आजचं रूढ वेळापत्रक सिअॅटलच्या रॉबर्ट ब्रूस यांनी घालून दिलं. सुरुवात ताशी २.७ किलोमीटर वेगाने आणि दहा टक्के चढाने. दर तीन मिनिटांनी वेग वाढतो, चढही वाढतो. २२० मधून वय वजा करायचं आणि त्याच्या ८५ टक्क्यांपर्यंत ठोके न्यायचे, असा ढोबळ हिशेब. कागदावरचं हे वेळापत्रक आपल्याकडे चपला घालून किंवा नऊवारी नेसून आलेल्या, सरकत्या पट्ट्यावर आयुष्यात कधी पाय न ठेवलेल्या माणसावर राबवायचं असतं. भीतीने तो दांडा घट्ट धरतो आणि मग त्याची क्षमता आहे त्याहून जास्त दिसते. तंत्रज्ञ शेजारी उभा राहून एका हाताने रक्तदाब मोजतो, एक डोळा पडद्यावर ठेवतो आणि दुसऱ्याने चेहरा वाचतो. रक्तदाब वाढायच्या ऐवजी पडू लागला, छातीत दुखलं, चेहरा पांढराफटक झाला, तर ठोक्यांचं लक्ष्य बाजूला ठेवून चाचणी थांबवायची असते. या खोलीत डॉक्टर आणि शॉक देण्याचं यंत्र हजर हवंच. एकट्या तंत्रज्ञावर चाचणी उरकणारं केंद्र रुग्णाच्या जिवाशी खेळतं आणि तंत्रज्ञाच्या नोकरीशीही.

पहिली दहा मिनिटं

छातीत दुखणारा रुग्ण दारात आल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी निघावा, हा जगभर मान्य असलेला दंडक आहे. मोठी रक्तवाहिनी पूर्ण बंद झाली असेल तर अँजिओप्लास्टी किंवा गाठ विरघळवणारं औषध, यांपैकी एक उपाय तातडीने करावा लागतो, आणि तो करायचा की नाही हे त्याच पट्टीवर ठरतं. आपल्याकडे निम्मा वेळ घरीच जातो, कारण ‘गॅस झालाय’ हे निदान सर्वांना पाठ असतं. उरलेला वेळ वाचवणं तंत्रज्ञाच्या हाती. हृदयाच्या खालच्या भागाचा झटका दिसला की उजव्या छातीवरची जादा लीड घ्यायची, पहिली पट्टी साफ असूनही दुखणं चालू असेल तर थोड्या वेळाने पुन्हा काढायची, मधुमेही माणूस ‘फक्त घाम येतोय’ म्हणाला तरी त्याला रांगेत बसवायचं नाही. पुस्तकात हे सगळं आहे. रात्री दोनला ते आठवणारा माणूस हवा.

तालुक्याच्या ठिकाणी हृदयरोगतज्ज्ञ नसतो. तिथे पट्टी दूरवरच्या तज्ज्ञाकडे पाठवण्याची सोय आता वाढते आहे. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने हातात मावणारं, मोबाइलला जोडता येणारं बारा लीडचं टेलि-ईसीजी यंत्र विकसित केलं आहे. व्हॉट्सअॅपवर पट्टीचा फोटो पाठवणं तर सर्रास चालतं. पण शहरातला तज्ज्ञ जे पाहतो ते गावातल्या हाताने लावलेल्या तारांचंच चित्र असतं. चुकीची पट्टी फक्त जास्त वेगाने चूक पोचवते.

शिक्षण आणि ओळख

हे काम शिकायचं कुठे? नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या बीपीएमटी या पदवी अभ्यासक्रमात कार्डिऑलॉजी तंत्रज्ञाची शाखा आहे. तरीही छोट्या दवाखान्यांमध्ये वॉर्डबॉय किंवा कंपाउंडर बघून बघून पट्टी काढायला शिकतो आणि पुढच्याला तसंच शिकवतो. चुकाही वारशाने जातात. २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने पहिल्यांदाच अशा व्यवसायांसाठी शिक्षणाचे किमान निकष आणि नोंदणी यांची चौकट दिली. ती चौकट तालुक्यातल्या खाटेपर्यंत पोचेल तेव्हा तिचा उपयोग. कंत्राटावर, तुटपुंज्या पगारावर, एकट्याने तीन माणसांचं काम उपसणाऱ्याकडून बोटाने फासळ्या मोजण्याची अपेक्षा करणं अवघड आहे.

यंत्र वाचू लागलं, तेव्हा

२०१९ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी दाखवलं की, साध्या ईसीजीवरून हृदयाची कमी झालेली ताकद संगणक ओळखू शकतो. नियमित दिसणाऱ्या पट्टीवरून एट्रियल फिब्रिलेशन या अनियमित लयीचा संशयही घेऊ शकतो. मनगटी घड्याळं एका लीडचा ईसीजी काढतात. त्याने लय कळते; झटका कळायला बारा लीड लागतात. तेव्हा तंत्रज्ञाचं काम संपणार का? वाचण्याचा काही भाग यंत्र नक्की घेईल. पण घामेजलेली छाती पुसणं, कापलेल्या पायाच्या उरलेल्या भागावर क्लिप लावणं, घाबरलेल्या मुलाला स्थिर झोपवणं हे कुठलाही अल्गोरिदम करत नाही. उलट, संगणक जितक्या बारीक फरकांवरून निष्कर्ष काढू लागेल, तितकी तारांच्या जागेतली चूक महाग पडेल.

वाचकाने आपल्यापुरत्या दोन गोष्टी कराव्यात. जुनी पट्टी जपावी, कारण नव्या पट्टीचा अर्थ तिच्याशी ताडून लागतो; थर्मल कागद काही वर्षांत फिका पडतो म्हणून झेरॉक्स काढून ठेवावी. आणि रुग्णालयांनी एक गोष्ट करावी: प्रत्येक पट्टीवर रुग्णाच्या नावाबरोबर ती काढणाऱ्याचं नावही छापावं. त्याने चूक कुणाची हे कळेल, म्हणून काहींना ते नको असेल. पण ज्याचं नाव कागदावर जातं तो फासळी मोजतो, आणि ज्याचं नाव वाचलं जातं त्याच्या पगाराचा आणि शिक्षणाचा प्रश्न कुणाला तरी विचारावा लागतो.