परदेशातील बिऱ्हाड (६) : सगळे धरून भाडे किती?

मागच्या भागात जर्मनीतली खोली शोधून झाली. आता करार हातात आला आहे आणि त्यावर भाड्याचे दोन आकडे आहेत. काल्टमीटे म्हणजे नुसत्या जागेचे भाडे. वार्ममीटे म्हणजे त्यात हीटिंग, पाणी, कचरा, जिन्याची झाडलोट, लिफ्ट, इमारतीचा विमा हे सगळे धरून होणारी रक्कम. आपल्याकडे मालक भरतो तो मालमत्ता करसुद्धा तिथे बहुतेक करारांत भाडेकरूकडून वसूल होतो. वीज मात्र सहसा यात नसते. तिचा करार आपला आपण करायचा. रेडिओ-टीव्हीची सक्तीची वर्गणीही वेगळी. ती घरामागे एकच असते, २०२१ पासून महिना १८.३६ युरो, आणि एकत्र राहणाऱ्यांनी ती वाटून घ्यायची.

पुण्यात ‘लाइटबिल धरून दहा हजार’ असे ठरले की विषय संपतो. ही समजूत घेऊन गेलेल्या मुलांना वर्षा-दीड वर्षाने मालकाचे पत्र येते आणि त्यात काहीशे युरोंची मागणी असते. फसवणूक झाली असे त्यांना वाटते. बहुतेकदा ती नसते. वार्ममीटेमधला वरखर्चाचा भाग ही नुसती उचल असते. समजा, जागेचे ५०० आणि वरखर्चाचे १८० असे ६८० युरो तुम्ही दरमहा देता. वर्षाचे २,१६० युरो जमा झाले आणि तुमच्या वाट्याचा खरा खर्च २,५२० निघाला, तर वरचे ३६० तुम्ही भरायचे. खर्च कमी निघाला तर फरक तुम्हाला परत मिळतो.

आपल्या विद्यार्थ्यांना हा फटका पहिल्याच वर्षी बसतो, याचे कारण साधे आहे. हिवाळी सत्र ऑक्टोबरात सुरू होते आणि हिशेबाचे वर्ष पुष्कळ ठिकाणी डिसेंबरात संपते. म्हणजे पहिला हिशेब फक्त तीन महिन्यांचा, आणि तेही थंडीचे. भाडेकरू मध्येच बदलला तर हीटिंगचा खर्च वाटण्यासाठी तिथे एक ठरलेला तक्ता वापरतात. त्यात वर्षाच्या हजार भागांपैकी ऑक्टोबरला ८०, नोव्हेंबरला १२० आणि डिसेंबरला १६० भाग आहेत. तीन महिन्यांत वर्षाचा ३६ टक्के खर्च, पण उचल मात्र पंचवीसच टक्क्यांची! जूनपर्यंत राहिलात तर पुढच्या हिशेबातही हेच होते, कारण उन्हाळ्यातली शिल्लक तुमच्या नावावर जमाच होत नाही. म्हणून पहिल्या वर्षाच्या खर्चात ही रक्कम आधीच धरून ठेवा.

कायदा मात्र भाडेकरूला उघड्यावर सोडत नाही. हिशेबाचे वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांत मालकाने हिशेब द्यायलाच हवा. उशीर त्याच्यामुळे झाला असेल तर त्याला जादा पैसे मागता येत नाहीत. तुमचे परत यायचे असतील तर तो हक्क शाबूत राहतो. इमारतीची दुरुस्ती आणि मालकाचा व्यवस्थापनखर्च या हिशेबात घालता येत नाही, आणि नेमके तेच आकडे कधी कधी त्यात घुसडलेले असतात. मूळ बिले पाहायला मागता येतात. हरकत घ्यायला हिशेब मिळाल्यापासून बारा महिने असतात. हीटिंगच्या खर्चाचा निदान अर्धा भाग प्रत्यक्ष वापरानुसार आकारावा लागतो. नियम लागू असूनही मालकाने तसे केले नाही, तर त्या रकमेतून १५ टक्के कापण्याचा हक्क भाडेकरूला आहे. भाषेची अडचण असेल तर गावातल्या भाडेकरू संघाचे सभासद व्हा. वर्गणी भरावी लागते, पण पत्राला उत्तर कसे द्यायचे हे ते सांगतात.

खरोखर ‘सगळे धरून’ भाडे हवे असेल तर विद्यार्थी-सेवा संस्थांची वसतिगृहे पाहावीत. तिथे बहुधा वीज आणि इंटरनेटसह एकच रक्कम असते. रांग लांब असते, म्हणून प्रवेश नक्की होताच अर्ज करावा. खासगी करारात ‘पाउशाले’ हा शब्द असेल तर रक्कम ठोक. ‘फोराउसत्सालुंग’ असेल तर ती उचल, आणि मागून हिशेब येणार.

सही करण्यापूर्वी मालकाकडे त्या घराचा मागच्या वर्षीचा हिशेब मागा. उचल मुद्दाम कमी ठेवून भाडे स्वस्त दाखवले असेल तर ते तिथेच कळते. किल्ली घेताना प्रत्येक मीटरचा आकडा ताबापत्रकात लिहून घ्या, फोटो काढा, आणि घर सोडताना पुन्हा हेच करा. शेवटचा हिशेब येईपर्यंत मालक अनामत रकमेचा काही भाग अडवून ठेवू शकतो. त्या रकमेविषयी पुढच्या आठवड्यात.