रिंगबाहेर ठेवलेल्यांचाही हिशेब मांडा!

हेवीवेट गटातला आजवरचा सर्वश्रेष्ठ मुष्टियोद्धा कोण? हा वाद क्रीडाशौकिनांत सतत रंगतो. कुणी महंमद अलीचे नाव घेतो, कुणी जो लुईचे, तर कुणी ४९ पैकी ४९ लढती जिंकून १९५६ साली निवृत्त झालेल्या रॉकी मार्सियानोचे. विजय किती, नॉकआउट किती, यावरून याद्या तयार होतात. पण त्या काळी रिंगमध्ये प्रवेश कुणाला नव्हता, हे कुणी विचारीत नाही. आम्ही वकिली करतो. प्रतिवादीला हजरच होऊ दिले नाही, तर लागणारा निकाल एकतर्फी असतो. हेवीवेटच्या सुरुवातीच्या दशकांचे निकाल असेच एकतर्फी आहेत.

१८८० च्या दशकातला जगज्जेता जॉन सुलिव्हन कृष्णवर्णीयांशी किताबासाठी लढण्यास साफ नकार देत असे. त्यामुळे पीटर जॅक्सनसारख्या बलाढ्य मुष्टियोद्ध्याला त्याच्यासमोर उभेही राहता आले नाही. या बंदीला तिकडे 'कलर लाइन' म्हणत.

ही रेषा जॅक जॉन्सनने ओलांडली. २६ डिसेंबर १९०८ रोजी सिडनीत टॉमी बर्न्सला हरवून तो पहिला कृष्णवर्णीय जगज्जेता झाला. ४ जुलै १९१० रोजी रेनो येथे त्याने जिम जेफ्रीजला लोळवले, तेव्हा अमेरिकेत ठिकठिकाणी कृष्णवर्णीयांवर हल्ले झाले. रिंगमध्ये तो हरेना, म्हणून कायद्याचा बडगा उगारला गेला. १९१३ साली निव्वळ गोऱ्यांच्या ज्यूरीने त्याला 'मान ॲक्ट'खाली दोषी ठरवले. १९४६ साली तो वारला; माफी मिळाली ती २०१८ साली!

१९१५ साली जॉन्सन हरला आणि दार पुन्हा बंद झाले. पुढची २२ वर्षे एकाही कृष्णवर्णीयाला या किताबासाठी लढू दिले नाही. जॅक डेम्प्सी १९१९ ते १९२६ जगज्जेता होता; तगडा दावेदार हॅरी विल्स ताटकळतच राहिला. मग डेम्प्सीची थोरवी कशावरून मोजायची? सॅम लँगफर्डला तर किताबाची एकही लढत मिळाली नाही. आणि हेही स्पष्ट सांगितले पाहिजे की, जगज्जेता झाल्यावर खुद्द जॉन्सननेही लँगफर्डला संधी दिली नाही. अन्याय सोसलेल्यानेही दार लावून घेतले, तर त्याचे समर्थन आम्ही करणार नाही.

म्हणून आमची कसोटी एकच : कोण कुणाकुणाशी लढला? या कसोटीवर अली पहिला. लिस्टन, फ्रेझियर, नॉर्टन, फोरमन यांपैकी कुणालाही त्याने टाळले नाही. २८ एप्रिल १९६७ रोजी त्याने सैन्यभरती नाकारली. किताब गेला, परवाने गेले, ऐन उमेदीची साडेतीन वर्षे गेली. २८ जून १९७१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध ० मतांनी त्याची शिक्षा रद्द केली. १९७४ साली किन्शासात फोरमनला हरवून त्याने किताब परत मिळवला. दुसरा जो लुई. १९३७ साली त्याने बंद दार उघडले आणि किताब सलग २५ वेळा राखला. तिसरा जॉन्सन, चौथा मार्सियानो.

आणि लँगफर्ड? त्याला क्रमांक देता येत नाही, कारण ती लढत होऊच दिली गेली नाही. पण वाचकहो, पुढच्या वेळी कुणी अशी यादी दाखवली, तर त्याला आधी लँगफर्ड कुठे आहे ते विचारा. यादी किती खरी, हे त्याच्या उत्तरावरून कळेल!