दुकानदार तोडून बोलला, आता काय करायचं?

मृग लागला की यवतमाळ, पांढरकवडा, दिग्रस, वणीच्या बाजारात कृषी केंद्रांपुढे गर्दी उसळते. त्या गर्दीत शेतकऱ्यानं बिल मागितलं किंवा दोन प्रश्न जास्त विचारले की ऐकायला मिळतं, “घ्यायचं असंल तं घ्या, नाही तं दुसरं दुकान पाहा.” बहुतेक जण मुकाट्यानं माल उचलतात, काही जण तिथंच भांडतात. दोघांच्याही पदरात काही पडत नाही, कारण आपला हक्क नेमका कशावर आहे याबद्दल बरेच गैरसमज आहेत.

“उर्मटपणे बोलला, आता याला ग्राहक न्यायालयातच खेचतो.” नुसत्या उर्मट बोलण्यावर तिथं तक्रार टिकणं कठीण. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ पाहतो तो माल सदोष होता का, सेवेत कमतरता होती का, जादा पैसे घेतले का, व्यवहार अनुचित होता का. म्हणून दुकानदार काय बोलला आणि त्यानं काय केलं, या दोन गोष्टी वेगळ्या करा. बोलणं मनाला लागतं हे खरं, पण तक्रार उभी राहते ती त्याच्या करण्यावर. आणि बहुतेक वेळा दुकानदाराचा आवाज चढतो तो बिल, भाव किंवा एकासोबत दुसरा माल घ्यायच्या सक्तीचा विषय निघाला की.

“बिल घेतलं तं टॅक्स लागंल.” हा सगळ्यात महाग पडणारा गैरसमज. पाकिटावर छापलेल्या कमाल किमतीत सगळे कर आधीच धरलेले असतात. बिल घेतल्यानं त्यात एक रुपयाही वाढत नाही. बिल न देणं ही २०१९ च्या कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. बियाणे नियंत्रण आदेश, १९८३ आणि खत नियंत्रण आदेश, १९८५ हे दोन्ही विक्रेत्याला पावती द्यायला आणि साठा व भाव फलकावर लावायला बांधून घेतात.

इथं आपल्या यवतमाळ जिल्ह्याची खरी दुखरी नस येते, ती उधारीची. हंगामात माल उधार घ्यायचा आणि कापूस विकला की फेडायचं, असा ज्याचा व्यवहार आहे तो शेतकरी बिल मागायला कचरतो. उधारी दिली म्हणजे उपकार झाले, मग कागद कसा मागायचा? पण खताच्या आदेशात रोख आणि उधार अशा दोन्ही विक्रीसाठी पावती सांगितलेली आहे. उधारीवाल्याला तर ती जास्तच हवी, कारण दिवाळीनंतर हिशेबाला बसल्यावर वहीतल्या आकड्यासमोर ठेवायला त्याच्याकडे दुसरं काही नसतं. “भाऊ, पैशाचं ठरल्याप्रमाणं होईल, पण बिलावर कंपनी, वाण, लॉट नंबर आणि भाव लिहून द्या,” एवढं शांतपणे आणि चार लोकांसमोर म्हणावं.

“युरिया पाहिजे तं हे टॉनिक घ्यावंच लागंल.” याला लिंकिंग म्हणतात. एक वस्तू हवी तर दुसरी घ्याच, अशी अट घालणं हाही ग्राहक कायद्यानं तक्रारीचा विषय ठरवला आहे. कंपन्याच आमच्या गळ्यात हा माल मारतात, अशी तक्रार विक्रेत्यांच्या संघटनाही करत आल्या आहेत, आणि त्यात तथ्य आहे. पण तो बोजा शेतकऱ्याच्या पाठीवर टाकायचा अधिकार त्यातून मिळत नाही. अशा वेळी वाद वाढवू नये. भावफलकाचा फोटो घ्यावा आणि तालुका कृषी अधिकारी किंवा पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी. विक्रेत्याचा परवाना कृषी खात्याच्या हातात असतो.

“एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही” ही पाटी सगळीकडे दिसते. मन बदललं म्हणून माल परत घ्यायला दुकानदार बांधलेला नाही. माल सदोष असेल तर मात्र बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, तो परत घ्यावाच लागतो. पाटीनं कायदा बदलत नाही.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती न विचारलेल्या प्रश्नांची. २०१७ च्या पावसाळ्यात याच जिल्ह्यात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जण रुग्णालयात गेले. त्याची कारणं अनेक होती. पण कोणतं औषध, किती पाण्यात, कशात मिसळायचं नाही, हे अनेकांना कृषी केंद्राच्या काउंटरवरच कळतं, आणि तिथं खेकसणारा माणूस बसला असेल तर प्रश्न घशातच राहतो. तो विचारायलाच हवा. डब्यासोबतचं माहितीपत्रक मागून घ्या. डब्यावरच्या खुणेत लाल रंग दिसला तर ते सर्वात जहाल विष, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असू द्या.

कोलाम, गोंड, आंध किंवा दलित ग्राहकाला चार लोकांदेखत जातीवरून हिणवलं, तर ते ‘दुकानदाराचं वागणं’ म्हणून सोडून देऊ नये. तो अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९ खाली गुन्हा आहे आणि त्याची तक्रार पोलीस ठाण्यात होते.

“शेतकरी व्यापारासाठी पिकवतो, म्हणून तो ग्राहक नाही,” असंही काही जण दटावून सांगतात. राष्ट्रीय बियाणे महामंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१२ साली हा मुद्दा निकाली काढला: सदोष बियाण्यासाठी शेतकरी ग्राहक मंचाकडे (आताचा ग्राहक आयोग) जाऊ शकतो. बियाणं उगवलं नाही तर आधी तालुका तक्रार निवारण समितीकडून शेताचा पंचनामा करून घ्या, आणि तोपर्यंत पाकीट, त्यावरचं लेबल, बिल आणि उरलेलं मूठभर बियाणं जपून ठेवा.

“कोर्टाचा खर्च आपल्याला झेपणार नाही.” मालासाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीला शुल्क नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची आहे. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीत बोलता येतं. पुष्कळ तक्रारी तिथंच मिटतात. माल नागपुरात घेतला असला तरी तक्रार राहत्या जिल्ह्यात, म्हणजे यवतमाळच्या आयोगात करता येते. ती ऑनलाइन दाखल होते आणि सुनावणी व्हिडिओवर घ्यावी अशी विनंतीही करता येते, त्यामुळे झरी-जामणीच्या शेतकऱ्याला प्रत्येक तारखेला मजुरी बुडवून यवतमाळ गाठावंच लागेल असं नाही.