गहू आणि लेकराचे यकृत

गव्हाच्या घाऊक व्यापारात आमची चाळीस वर्षे गेली. गहू एखाद्या लेकराच्या यकृतास बाधतो असे कोणी सांगितले असते, तर आम्ही त्यास हसलो असतो. तीन वर्षांपूर्वी आमच्याच सहा वर्षांच्या नातीमुळे हा विषय आम्हांस समजून घ्यावा लागला. तो सभासद बंधूंपुढे व माताभगिनींपुढे ठेवीत आहोत.

मुलीचे वजन वाढेना, पोट फुगलेले, रक्त कमी. तपासणीत एसजीपीटी व एसजीओटी प्रमाणाबाहेर निघाली. कावीळ मात्र नव्हती. ‘लिव्हर बिघडले’ एवढेच ध्यानात घेऊन आम्ही तेल-तूप बंद केले आणि हलके अन्न म्हणून दलिया, रव्याची खीर व टोस्ट देऊ लागलो. दुखण्याचे मूळ नेमके त्यातच होते! असे आठ महिने गेले. पुढे नागपुरास सीलिअॅक रोगाचे निदान झाले.

कणीक मळताना तिला चिवटपणा आणणारे द्रव्य म्हणजे ग्लूटेन. गव्हाप्रमाणे जवातही ते असते. काही मुलांचे शरीर त्यास शत्रू मानते, आणि त्या झगड्यात लहान आतड्याचे मखमलीसारखे अंकुर झिजतात. आतड्याचे रक्त प्रथम यकृतात जाते. अस्तर दुबळे झाले की नको ते पदार्थही त्या वाटेने तेथे पोचतात. यकृताच्या पेशींस सूज येते व त्यांतील एसजीपीटी-एसजीओटी रक्तात झिरपतात. उपचारापूर्वी अशा पुष्कळ मुलांत हे आढळते. गहू व जव पूर्णपणे सोडल्यावर बहुतेकांचे आकडे सहा महिने ते वर्षभरात पूर्ववत होतात. न झाल्यास यकृताचा दुसरा विकार शोधावा लागतो.

येथे एक सावधगिरी हवी. रक्ताची खास तपासणी होण्यापूर्वीच गहू बंद केल्यास निदान हुकते. म्हणून आपल्या मनाने पथ्य सुरू करू नये.

गव्हाचा हा दोष हॉलंडचे डॉक्टर विलेम डिके यांनी १९५० साली आपल्या प्रबंधात दाखविला. महायुद्धात पाव दुर्मिळ झाला तेव्हा अशी मुले सुधारली होती. आपल्या देशात २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रौढांच्या पाहणीत या रोगाची प्रतिपिंडे रक्तात असलेले लोक उत्तरेत शेकडा १.२३, तर दक्षिणेत अवघे ०.१० आढळले. आपला पांढुर्णा-सौंसर भाग दोहोंच्या मध्ये. आपल्या ताटात पोळीही असते आणि भाकरीही.

ज्वारी, बाजरी, तांदूळ, मका निर्धोक खरे; परंतु ते आपल्या दुकानात येईपर्यंतच! किलोमागे २० मिलिग्रॅमहून अधिक ग्लूटेन असल्यास माल ‘ग्लूटेनमुक्त’ म्हणता येत नाही. व्यापाऱ्याच्या हिशेबाने क्विंटलमागे दोन ग्रॅम. म्हणजे शंभर किलो ज्वारीत सुमारे वीस ग्रॅम गहू, अर्धी मूठसुद्धा नव्हे. गव्हाचे रिकामे पोते ज्वारीस वापरले, किंवा चक्कीवर गव्हामागून ज्वारी टाकली, की संपले. बाजारच्या हिंगातही बहुधा गव्हाचे पीठ असते, हे तर आम्हांस मसाल्याचे व्यापारी असूनही सुचले नव्हते.

नातीचे आकडे नवव्या महिन्यात ठीक आले. तिची ज्वारी निवडून घरच्या जात्यावर दळली जाते. गावातील आणखी दोन घरांकरिता आम्ही गोदामात नवी पोती, वेगळे माप व वेगळा तराजू ठेविला आहे. तो गव्हाच्या थप्पीजवळ नेण्यास हमालांस सक्त मनाई आहे.