घरी जुळविलेल्या विद्युत्‌-यंत्रांची पेटी

जमिनीतील ओलावा दाखविणारी, टाकीतील पाण्याची पातळी कळविणारी, किंवा विहिरीवरील पंप मोबाईलवरून चालू-बंद करणारी लहान यंत्रे खेड्यांतील होतकरू तरुण आता घरीच जुळवू लागले आहेत. ही गोष्ट स्तुत्य होय. मात्र जुळणीकडे जितके लक्ष पुरविले जाते तितके पेटीकडे पुरविले जात नाही. आणि बांधावर नेलेले यंत्र पुष्कळदा पेटीत शिरलेल्या पाण्याने, धुळीने व मुंग्यांनीच बंद पडते.

पेटी निवडण्यापूर्वी आत किती दाबाची वीज खेळणार आहे, हे प्रथम पाहावे. बॅटरीवरील ५ किंवा १२ व्होल्टच्या यंत्रास पेटी म्हणजे केवळ निवारा. परंतु २३० व्होल्टची घरगुती किंवा ४१५ व्होल्टची तीन फेजची वीज आत येत असेल, तर पेटी ही माणसाच्या जिवाची राखण असते. अशा ठिकाणी लोखंडी पत्र्याची पेटी मजबूत खरी. ती पेट घेत नाही, उंदीरही ती कुरतडू शकत नाही. पण आतील एखादी तार सुटून पत्र्यास लागल्यास सबंध पेटीत वीज उतरते, आणि ओल्या जमिनीवर उभे राहून बटण दाबणाऱ्याचा प्राण जाऊ शकतो. म्हणून पत्र्याच्या पेटीस अर्थिंग केलेच पाहिजे. झाकणासही निराळी तार जोडावी; रंग व गंज यांमुळे बिजागरीतून वीज नीट वाहीलच असे नाही. हे काम परवानाधारक तारतंत्र्याकडूनच करवून घ्यावे.

पत्र्याचा आणखी एक दोष असा की, त्यातून रेडिओलहरी पार होत नाहीत. सिमकार्डावर चालणाऱ्या यंत्राचा अँटेना पेटीबाहेर काढावा लागतो, अथवा प्लॅस्टिकची पेटी घ्यावी लागते.

प्लॅस्टिकमध्येही भेद आहेत. स्वयंपाकघरातील डबा सावलीत चालेल, उन्हात ठिसूळ होऊन तडकेल. पॉलिकार्बोनेटची पेटी अधिक टिकाऊ असते. तिच्यावर ‘आयपी ६५’ अशी खूण पाहावी. यातील ६ हा अंक धुळीपासून पूर्ण संरक्षण दाखवितो व ५ हा पाण्याच्या फवाऱ्यापासूनचे. ही पेटी पेट्रोल किंवा थिनरने मात्र पुसू नये, तडे जातात. लाकडी पेटी घरातच शोभते. शेतात ती पावसाने फुगते, वाळवी लागते, आणि ठिणगी पडल्यास जळते.

तारा नेहमी पेटीच्या तळातून आत घ्याव्यात व खाली त्यांना झोळ द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी बाहेरच ठिबकेल. वरून भोक कधीही पाडू नये. पेटीस पांढरा रंग द्यावा आणि थोडे अंतर सोडून वर लहान छप्पर करावे.

यंत्र बसविण्यापूर्वी रिकाम्या पेटीत कोरा कागद ठेवून, झाकण लावून, झारीने दहा मिनिटे पाणी ओतावे. कागद भिजला, तर पाणी कोठून शिरले ते शोधून ती फट बुजवावी व पुन्हा पाणी ओतून पाहावे.